मशीनमधला गव्हाचा पाव: पिठाचं पाणी वेगळं, बियांचं पाणी वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी ब्रेड मशीन आहे, गिरणीतून दळून आणलेलं गव्हाचं पीठ वापरता, मैदा अजिबात नको आहे. वरून मूठभर सूर्यफुलाच्या नि भोपळ्याच्या बिया आणि थोडं जवस घालता. पुस्तिकेतली कृती तंतोतंत पाळूनही पाव बसका होतो, मधोमध खळगा पडतो, कापायला घेतला की भुगा होतो आणि वरच्या बिया ताटलीत गळून पडतात. मशीन खराब आहे का? आणि अमेरिकेतली बहीण तिचं मशीन देऊ करतेय, ते घ्यावं का?

मशीन खराब नाही. मी ऑर्डरप्रमाणे पाव करून देते, ओव्हनमध्येही आणि मशीनमध्येही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ पाण्यात निघतं. गव्हाचं पीठ पाणी सावकाश पितं, बिया त्याहून सावकाश पितात, आणि मशीन कुणासाठीही थांबत नाही. ठरलेल्या मिनिटाला मळायला लागतं, ठरलेल्या मिनिटाला भाजायला. म्हणजे मुरवण्याचं काम मशीन सुरू होण्याआधी आपल्यालाच उरकून घ्यावं लागतं.

हे यंत्र मुळात मैद्याच्या पांढऱ्या पावासाठी बेतलेलं आहे. 1987 साली जपानच्या मात्सुशिता कंपनीने, म्हणजे आजच्या पॅनासॉनिकने, घरगुती ब्रेड मशीन बाजारात आणलं. त्याआधी त्यांच्या लोकांनी ओसाकातल्या एका हॉटेलच्या मुख्य बेकरकडे जाऊन तो कणीक नेमकी कशी पिळतो आणि ताणतो ते शिकून घेतलं होतं. पात्याने गोळा ओढायचा आणि बाजूच्या उभ्या उंचवट्यांनी तो अडवायचा, म्हणजे ताण बसतो, अशी ती योजना. मैद्याला हा ताण मानवतो. आपल्या पिठात मात्र कोंडा असतो, आणि कोरडा राहिलेला कोंडा त्याच ताणात ग्लूटेनचे, म्हणजे कणकेला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचे, पापुद्रे फाडत जातो. पुस्तिकेत 'होल व्हीट' नावाचा प्रोग्रॅम असला, तरी त्याची मापं बहुधा परदेशी पिठावर ठरवलेली असतात.

आधी पीठ पाहू. गिरणीत तुमच्याआधी कुणाची ज्वारी किंवा हरभऱ्याची डाळ दळली असेल, तर आत राहिलेलं ते पीठ तुमच्या डब्यात येतं. चपातीत ते खपून जातं. पावात नाही, कारण ज्वारीत आणि डाळीत ग्लूटेनच नसतं. 'गव्हावरच दळा' असं बजावून सांगा, आणि डब्यात सगळ्यात आधी पडलेलं पीठ घावन-थालीपिठाला ठेवा. दुसरं म्हणजे दळून आणलेलं पीठ गरम असतं. उन्हाळ्यात तेच पीठ लगेच मशीनमध्ये घातलं तर कणीक सुरुवातीलाच तापते आणि यीस्ट धावत सुटतं. पीठ पसरून पूर्ण गार होऊ द्या. घरघंटीवाल्यांनाही हेच लागू.

गहू लोकवन किंवा सिहोर असेल तर हरकत नाही. खपलीचं ग्लूटेन कमकुवत, ते हवा धरून ठेवत नाही. चवीसाठी एकूण पिठाच्या चौथ्या हिश्शापर्यंत घाला, पण नुसत्या खपलीचा उंच पाव मशीनमध्ये मागू नका. बन्सी शेवयांना आणि रव्याला उत्तम, पावाला नाही.

आपलं पीठ पावालायक आहे का, हे घरच्या घरी तपासता येतं. लिंबाएवढा गोळा मळा, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली बोटांनी चोळत धुवा. सुरुवातीला दुधासारखं पाणी निघतं, तो स्टार्च. ते बऱ्यापैकी निवळेपर्यंत धुत राहा. हातात करडा, चिवट, ओढला की लांबणारा गोळा उरला पाहिजे. तेच ग्लूटेन. तुमचा गोळा सुटा होऊन बोटांतून निसटून गेला, तर मशीन बदलून उपयोग नाही, गहू बदला.

गोळा उरतो पण लहान उरतो, असं आपल्याकडच्या बऱ्याच पिठांचं होतं. त्यावर मी सरळ ग्लूटेन पावडर घालते. 'व्हायटल व्हीट ग्लूटेन' नावाने ती ऑनलाइन मिळते. ही फसवणूक आहे असं मानणारे लोक भेटतात. मला तसं वाटत नाही. तुम्ही नळाखाली जे धुऊन काढलंत, तेच वाळवून दळलेलं असतं. 400 ग्रॅम पिठाला 16 ग्रॅम पुरे. जास्त घातली तर पाव उंच होतो, पण चावायला वातड लागतो. ती कोरड्या पिठातच नीट मिसळा, पाण्यात टाकली की गुठळ्या होतात आणि त्या सुटत नाहीत. ग्लूटेन घालायचंच नसेल तर पाव ठेंगणा होईल. तो चवीला उत्तम असू शकतो, फक्त उंचीची अपेक्षा सोडून द्या. दुकानदार 'ब्रेड इम्प्रूव्हर' घ्या म्हणेल. त्यात पूर्वी वापरलं जाणारं पोटॅशियम ब्रोमेट भारतात 2016 पासून बंद आहे. आताच्या इम्प्रूव्हरमध्ये प्रामुख्याने एस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी, आणि एन्झाइम असतात. घरच्या पावाला त्याची गरज मला तरी पडत नाही. लिंबू पिळण्याचा सल्लाही फिरत असतो, पण चमचाभर रसात व्हिटॅमिन सी इतकं थोडं असतं की त्याने फार काही साधत नाही.

आता पाणी. दगडी चक्कीत गव्हावर दाबही पडतो आणि उष्णताही लागते, त्यामुळे स्टार्चचे बरेच कण फुटतात. फुटलेला कण अखंड कणापेक्षा कितीतरी जास्त पाणी शोषतो. आपल्या पिठाची चपाती मऊ राहते ती यामुळेच. त्यात कोंड्याचीही भर. म्हणून पुस्तिकेतलं माप आपल्या पिठाला बहुतेक वेळा कमी पडतं. माझं माप 400 ग्रॅम पिठाला 310 ग्रॅम पाण्यापासून सुरू होतं. वाटी आणि कप बाजूला ठेवा, वजनकाटा घ्या. पीठ दाबून भरलं की भुरभुरवून, एवढ्यानेच कपाच्या मापात पाव बिघडण्याइतका फरक पडतो. पाणीही काट्यावरच मोजा.

पूर्ण माप सांगते. पीठ 400 ग्रॅम, ग्लूटेन 16, पाणी 310, मीठ 7, किसलेला गूळ 15, तेल 20 आणि इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम. बिया कोरड्या असताना एकूण 70 ग्रॅम: सूर्यफूल 25, भोपळा 20, तीळ 15, जवस 10. त्या भिजवायला वेगळं 70 ग्रॅम उकळतं पाणी. कच्चं वजन 900 ग्रॅमच्या थोडं वर जातं, त्यामुळे 750 ग्रॅम ते एक किलोचं भांडं हवं. मशीन अर्ध्या किलोचं असेल तर सगळं निम्मं करा. पाण्याऐवजी थोडं दूध घालायचं तर घाला. कच्च्या दुधातली काही प्रथिनं कणीक ढिली करतात, पण आपण दूध उकळूनच ठेवतो, त्यामुळे तो प्रश्न आपल्याकडे येत नाही.

तुमच्या पावाचा भुगा का होतो, याचं उत्तर बियांत आहे. कोरडी बी कणकेत गेली की पुढचे दोन-तीन तास ती आजूबाजूचं पाणी ओढत बसते. मळताना जी कणीक बरोबर वाटली होती, तीच भाजताना कोरडी पडलेली असते. बीभोवती कोरडं कडं तयार होतं आणि सुरी नेमकी तिथूनच पाव फोडत जाते. जवस तर यात सगळ्यात पुढे. म्हणून बिया आधीच भिजवायच्या. सूर्यफूल, भोपळा आणि तीळ मंद आचेवर हलकेच भाजून घ्या. जवस न भाजता ओबडधोबड कुटून घ्या, कारण अख्खं जवस न चावता गिळलं तर तसंच बाहेर पडतं. सगळं एका भांड्यात घालून वरून उकळतं पाणी ओता, चिमूटभर मीठ टाका, झाकण ठेवून किमान दोन तास मुरू द्या. उन्हाळा असेल तर गार झाल्यावर फ्रिजमध्ये. शेवटी जवसामुळे बुळबुळीत, चमच्याला चिकटणारा लगदा तयार झालेला दिसेल. पाणी सुटं राहिलं असेल तर ते निथळून मोजा आणि तेवढं कणकेच्या पाण्यातून वजा करा. फेकू नका, त्यात चव असते.

बिया घेताना एक दाणा चावून बघा. सूर्यफुलाच्या बिया आणि कुटलेलं जवस लवकर खवट होतं, आणि भाजल्याने खवटपणा जात नाही, उलट उठून दिसतो. कारळे आवडत असतील तर चमचाभर घाला, त्यापुढे ते बाकी सगळ्यांची चव दाबतात. खसखस आत घालण्यात अर्थ नाही, महागाची वस्तू कणकेत हरवते. आणि यीस्टच्या पावात खायचा सोडा घालू नका. त्याची गरज नसतेच, शिवाय सूर्यफुलाच्या बिया सोड्याने हिरव्या पडतात आणि खाणारा बुरशी समजून पाव टाकून देतो.

प्रत्यक्ष कृतीत मी 'होल व्हीट' प्रोग्रॅम वापरत नाही. बऱ्याच मशिनांत त्याच्या सुरुवातीला विश्रांती असते, पण तेव्हा पीठ आणि पाणी मिसळलेलं नसतं, नुसतं एकावर एक पडलेलं असतं. कोंडा त्यात मुरत नाही. त्याऐवजी असं करा. भांड्यात पाणी, पीठ आणि ग्लूटेन एवढंच घालून 'डो' प्रोग्रॅम लावा, म्हणजे नुसतं मळून फुगवणारा, न भाजणारा. तीन-चार मिनिटांत पीठ ओलं होईल. कोपऱ्यांतलं कोरडं पीठ उलथण्याने मध्ये ढकला, मशीन बंद करा आणि झाकण लावून अर्धा-पाऊण तास सोडून द्या. चपातीची कणीक भिजवून ठेवतो तोच हिशेब. या वेळात कोंडा मऊ पडतो आणि ग्लूटेन आपोआप जुळायला लागतं. मग मीठ, गूळ, तेल, यीस्ट घालून 'डो' पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

मळणं सुरू झाल्यावर आठव्या-दहाव्या मिनिटाला झाकण उघडून बघायचंच. मळत असताना झाकण उघडल्याने काही बिघडत नाही. गोळा चपातीच्या कणकेपेक्षा स्पष्ट सैल हवा, भांड्याच्या बाजू सोडणारा, पण तळाशी थोडा चिकटून ओढला जाणारा. बोट लावलं तर चिकट लागावा, पण बोटावर कणकेचा थर राहू नये. गोळा घट्ट होऊन भांड्यात आपटत फिरत असेल आणि मशीन कण्हत असेल, तर एकेक चमचा पाणी घाला आणि दर चमच्यानंतर मिनिटभर थांबा. पसरट होऊन भांड्याला माखत असेल तर आधी दोन-तीन मिनिटं वाट बघा, आणि मगच चमचाभर पीठ. घाईने पीठ ओतलं की पुढे वीट ठरलेली.

बिया मळण्याच्या शेवटच्या चार-पाच मिनिटांत हाताने घाला. अनेक मशिनं त्या सुमाराला आवाज करून सांगतात. वरचा आपोआप उघडणारा डबा असेल तर त्यात भिजवलेल्या बिया भरू नका, त्या चिकटून बसतात आणि खाली पडतच नाहीत. बिया पडल्यावर गोळा एकदम निसरडा होतो, तुटल्यासारखा दिसतो. घाबरून पीठ घालू नका, दोन मिनिटांत तो सावरतो.

आता मधला खळगा. कणीक गरजेपेक्षा जास्त फुगली की तो पडतो. गव्हाच्या पिठाची कणीक मैद्यापेक्षा लवकर आंबते, कारण यीस्टला तिच्यात खाद्य जास्त मिळतं, आणि तिचे पापुद्रे मात्र नाजूक असतात. मशीन तिच्याकडे न पाहता ठरलेला वेळ फुगवत राहतं, भट्टी तापेपर्यंत घुमट थकलेला असतो आणि बसतो. मैदा दुपटीला भाजायला घ्यावा, पण ही कणीक शेवटच्या फुगण्यात दीडपट झाली की पुरे. ओल्या बोटाने हलकेच दाबून बघा. खळी हळूहळू अर्धवट भरून आली की भाजायला लावा. लगेच भरून आली तर वेळ आहे, अजिबात भरली नाही तर उशीर झालाय. 'डो' प्रोग्रॅम लावण्याचा फायदा इथे होतो. तो संपला की कणीक हलकेच दाबून हवा काढा, ओल्या हाताने पातं काढून घ्या म्हणजे पावाच्या बुडाला मोठं भोक पडत नाही, गोळा वळून परत ठेवा, दीडपट झाला की वेगळा 'बेक' प्रोग्रॅम 50 ते 55 मिनिटं. तुमच्या मशीनमध्ये नुसता 'बेक' नसेल तर पीठ मुरवून झाल्यावर 'डो'ऐवजी मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळं करणारा 'बेसिक' लावा आणि यीस्ट 3 ग्रॅमवर आणा.

मे महिन्यात हे सगळं आणखी वेगाने होतं. मळताना घर्षणाने कणीक तापते, स्वयंपाकघर आधीच 35 अंशांवर असतं. फ्रिजमधलं गार पाणी घ्या, यीस्ट चौथ्या हिश्शाने कमी करा. मळून झालेली कणीक 26-27 अंशांना असावी, स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर खुपसून बघा. नाशिक-पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत उलट, पाणी कोमट. रात्री टायमर लावून सकाळी ताजा पाव ही कल्पना छान वाटते, पण दूध आणि भिजलेल्या बिया उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवू नयेत, आणि मग मुरवणं, बघणं काहीच जमत नाही. यीस्ट पाकीट फोडल्यावर हवाबंद बरणीत फ्रीजरमध्ये. जुनं असेल तर चमचाभर साखरेच्या कोमट पाण्यात टाकून दहा मिनिटांत फेस येतो का बघा.

वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर वीज गेल्यावर थांबलेलं काम तिथूनच पुढे सुरू करण्याची मशीनची स्मृती किती मिनिटांची आहे हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवा. तेवढ्यात वीज आली नाही तर फुगलेला गोळा तेल लावलेल्या टिनमध्ये काढून ओव्हनमध्ये किंवा जाड बुडाच्या कढईत भाजून वाचवता येतो.

वरच्या बिया गळू नयेत म्हणून त्या कोरड्याच, पण कशावर तरी चिकटवून लावायच्या. जवस भिजवताना सुटणारा चिकट रस चमचाभर बाजूला काढून ठेवा. पातं काढून गोळा परत ठेवल्यावर ब्रशने तो वर लावा, बिया पेरा आणि तळव्याने हलकेच दाबा. दूध किंवा अंडंही चालतं, पण जवसाचा रस जास्त घट्ट धरतो.

भाजून झालं की पाव भांड्यात ठेवू नका. पाच मिनिटांत बाहेर काढून जाळीवर ठेवा, नाहीतर आतली वाफ बाजूंना ओलं करते आणि कडा आत ओढल्या जातात. थर्मामीटर आत खुपसला तर 95 अंशांच्या आसपास दाखवायला हवा. आणि कापायची घाई नको. किमान दोन तास, शक्यतो दुसऱ्या दिवशी. गरम पावात स्टार्च अजून बसलेला नसतो, सुरीला चिकट लगदा लागतो आणि 'कच्चा राहिला' असं वाटून लोक पुढच्या वेळी पाणी कमी करतात. तिथून पुन्हा भुग्याचा फेरा सुरू. कापायला दातेरी सुरी, दाब न देता करवतीसारखी पुढे-मागे. फ्रिजमध्ये पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत बुरशी येते. त्यामुळे स्लाइस करून फ्रीजरमध्ये टाका, लागेल तसा काढून सरळ तव्यावर भाजा.

राहिलं बहिणीचं मशीन. अमेरिकेतली मशिनं 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झवर चालतात, आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. सरळ लावलंत तर जळेल. नुसता प्लगचा ॲडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि मशीन 600-700 वॅटचं असेल तर किमान 1000 व्हीए क्षमतेचा. तो जड असतो, ओट्यावरची जागा खातो, आणि पातं किंवा भांडं बिघडलं तर सुटे भाग इथे मिळवणं कटकटीचं. तुमचं मशीन चालू असताना मी तरी ते आणणार नाही. शिवाय तिकडच्या पुस्तिकेतलं होल व्हीट पीठ सहसा कठीण लाल गव्हाचं असतं, त्यातलं ग्लूटेन आपल्यापेक्षा बळकट. त्या मापाने इथलं पीठ पुन्हा दगाच देईल. बहिणीला मात्र उलटं सांगा: तिच्याकडच्या भारतीय दुकानातल्या काही आट्यांत ड्युरम, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा, गहू मिसळलेला असतो, त्याची चपाती मऊ होते पण पाव बसतो. पिशवीवरचे घटक वाचून घे, आणि पावासाठी तिकडचं ब्रेडचं होल व्हीट पीठच वापर, म्हणावं.